पावसाची वही : देपालपूर तहसिलीतल्या एका गावातली तीन वर्षं

इंदूरहून बेटम्याकडे जाणारा रस्ता सोडून देपालपूरच्या बाजूला आत वळलं की हे गाव लागतं. नाव देत नाही. तिथे पाऊस मोजून वहीत लिहिणाऱ्या मुलांची ही गोष्ट; ती अजून शिकतायत, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात त्यांच्या घरची भांडणंही येतात. मी इंदुरात राजेंद्रनगरात राहते, बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. या गावाशी माझं नातं आजोळचं. होळकरांच्या काळात येऊन स्थायिक झालेली दोन मराठी घरं तिथे आहेत, त्यातलं एक माझ्या मामांचं. आता ते घर माझे मामेभाऊ अण्णा चालवतात. घरात मराठी, अंगण ओलांडलं की माळवी, आणि शाळेत हिंदी, असं तिथल्या मुलांचं तीन भाषांत आयुष्य चालतं.

'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर' ही ओळ माळव्यातलं लहान पोरही म्हणून दाखवतं. काळी माती, पावलोपावली पाणी. जमिनीखाली मात्र बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे विहीर पावसात भराभर चढते आणि उपसा वाढला की तितक्याच भराभर उतरते. गावाच्या खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, हरभरा, बटाटा, लसूण. ज्याच्याकडे बोअरला पाणी आहे तो उन्हाळी मूगही घेतो.

मार्च 2022 मध्ये गहू भरायच्या वेळेला ऊन तापलं. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. गावात उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा बारीक पडला. अण्णांनी मूठभर गहू माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बघ, जिरं वाटतंय की गहू?" काहीतरी करायला हवं हे माझ्या मनाने तेव्हा घेतलं. काय करायचं हे मात्र मी चुकीचं ठरवलं होतं.

पहिलं वर्ष

जुलै 2022 मध्ये एका संस्थेच्या मदतीने आम्ही चौदा मुलामुलींचा गट केला. वय बारा ते सोळा. टी-शर्ट आले, बॅनर आला, साठ रोपं आली. मुलांनी फेरी काढली, घोषणा दिल्या, वक्तृत्व स्पर्धा झाली. एका मुलीने वितळणाऱ्या हिमनगांवर फार छान भाषण केलं. चार महिन्यांपूर्वी तिच्याच घरी गव्हाचा दाणा बारीक पडला होता. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही, कारण त्याचा आणि हवामानबदलाचा काही संबंध आहे हे आम्ही कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

मे महिन्यापर्यंत साठातली दोन रोपं उरली, तीही हापशाजवळची, सांडपाणी मिळत होतं म्हणून. खड्डा कुणी खणायचा हे ठरलं होतं, उन्हाळ्यात पाणी कुणी घालायचं हे ठरलं नव्हतं. यापेक्षा जास्त त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं नाही.

फोटो

एप्रिल 2023 मध्ये जे झालं ते मात्र नीट सांगायला हवं, कारण मुलांसोबत असं काम करणारी बरीच भली माणसं हीच चूक करतात.

गव्हाची कापणी आता हार्वेस्टरने होते. ही यंत्रं पंजाबातून येतात, आमच्याकडे गहू आधी तयार होतो म्हणून आधी इकडे. हार्वेस्टर वरच्या लोंब्या कापून नेतं आणि खाली वीतभर धसकट उभं राहतं. माळव्यात त्याला नरवाई म्हणतात. नरवाई काढायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, काडीपेटी दोन रुपयांत येते. एका संध्याकाळी शेत काळं होऊन मोकळं होतं. त्या धुराबरोबर धसकटातलं नत्र जवळपास सगळं आणि गंधकाचा मोठा भाग उडून जातो, वरच्या थरातले जीव मरतात, बांधावरची झाडं होरपळतात. मध्य प्रदेशात यावर वायुप्रदूषणाच्या 1981 च्या कायद्याखाली बंदी आहे. दोन एकरांपर्यंत जमीन असलेल्याला 2,500 रुपये, पाच एकरांपर्यंत 5,000 आणि त्याहून जास्त असेल तर 15,000 रुपये भरपाई भरावी लागते.

मी मुलांना सांगितलं, कुठे आग दिसली तर फोटो काढा, माझ्याकडे पाठवा. मी ते पुढे पाठवत होते. मुलांना हे भारी वाटलं, आपण काहीतरी धाडसाचं करतोय असं. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या नातीने फोटो पाठवला. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, गटातल्या मुलींत सगळ्यांत मोठी. बाकीची मुलं तिला ताई म्हणतात, म्हणून इथे मीही ताईच म्हणते. फोटोतलं शेत तिच्या सख्ख्या काकाचं होतं. तिला ते माहीत होतं. नियम सगळ्यांना सारखा, असं मीच शिकवलं होतं.

काकाला नोटीस आली. फोटो कुणी काढला हे गावात दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. ताईचं घराबाहेर पडणं बंद झालं. इतर घरांनीही आपापली मुलं आवरली. मी गेले तेव्हा काका माझ्याशी बोलला नाही, नुसता पाया पडून आत गेला, आणि ते मला शिवी दिल्यापेक्षा जास्त लागलं. अण्णा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "तुझं चुकीचं नाही, आग वाईटच. पण पोरांना घरभेदी करू नकोस गं. उद्या याच गावात राहायचंय त्यांना."

मला नंतर कळलं की फोटोची मुळात गरजच नव्हती. शेतातल्या आगी उपग्रहातून दिसतात, दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची प्रयोगशाळा त्यांची रोजची मोजणी करते. सरकारला जे आकाशातून दिसतं, ते सांगायला मी एका पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या काकासमोर उभं केलं होतं. आणि काकाने आग का लावली हे तिला किंवा मला, दोघींपैकी कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं.

बाटली

पुढचा दीड महिना गट नव्हताच. मे महिन्याच्या शेवटी ताईने अण्णांच्या फोनवरून मला विचारलं, "आत्याआजी, पाऊस मोजता येतो का घरी?" तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात पर्जन्यमापकाचं चित्र होतं. काका आणि अण्णांचा पेरणीवरून वाद चालायचा, किती पाऊस झाला हे प्रत्येक जण अंगणातल्या चिखलावरून सांगायचा. तिला ते मिटवायचं होतं. मला वाटतं, काकाशी पुन्हा बोलायला तिला काहीतरी निमित्त हवं होतं.

दोन लिटरची सरळ उभ्या अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. तळाशी खळगे असतात, त्यात बारीक खडे भरायचे आणि खडे बुडतील इतकं पाणी घालून तिथे शून्याची खूण करायची. बाहेरून मोजपट्टी चिकटवायची. तोंड आणि अंग सारख्याच रुंदीचं असलं की बाटलीत जितके मिलीमीटर पाणी, तितकाच पाऊस. सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याची दिवसाची वेळ तीच. मग पाणी शून्यापर्यंत ओतून टाकायचं.

पहिली बाटली त्यांनी पिंपळाच्या पारावर ठेवली, सगळ्यांना दिसावी म्हणून. पहिल्या सरीत रस्ता वाहिला आणि बाटलीत चार मिलीमीटर. अर्धा पाऊस पिंपळाने अडवला होता. मला ते ठेवतानाच दिसलं होतं आणि जिभेवर आलेलं मी गिळलं. दोन दिवस त्यांनी डोकं खाजवलं. मग छोटू म्हणाला, पिंपळाखाली उभं राहिलं की आपणही कमीच भिजतो. छोटू तेव्हा सहावीत होता. त्याच्या बापाला जमीन नाही, दोन म्हशी आहेत. बाटली शाळेच्या उघड्या मैदानात गेली, भिंतीपासून लांब, दगडांच्या आधाराने.

वही दोनशे पानी. रकाने ताईने आखले: तारीख, मिलीमीटर, कुणी वाचलं, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद. त्यात काय लिहायचं हे कुणी सांगितलं नाही, त्यामुळे त्यात सगळं आलं. 'बैल घसरला.' 'इंदूरला खूप झाला असं टीव्हीवर, इथे काही नाही.' 'शाळेचं छप्पर गळलं, बाटली कोरडी.' जूनच्या वळवाच्या सरी अशाच असतात, एका शिवारात पडतात आणि दुसऱ्यात नाही. हवामान खात्याची वेधशाळा इंदूरच्या विमानतळावर. तिथला आकडा या गावाला लागू पडेलच असं नाही, हे मी शिकवून जितकं कळलं नसतं तितकं त्या एका शेऱ्यातून कळलं.

आता या आकड्याचा उपयोग काय? इंदुरातली सोयाबीन संशोधन संस्था दरवर्षी सांगते की किमान 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. आधी पेरलं आणि पावसाने ओढ दिली तर उगवलेलं करपतं, बियाणं पुन्हा विकत घ्यावं लागतं. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी, एक मोठा टँकर. शंभर टँकर शेतात उभे राहिल्याशिवाय बी टाकू नका, असं ताईने काकाला समजावलं. हे उदाहरण तिचं, माझं नाही.

2023 मध्ये मान्सून केरळातच 8 जूनला पोचला, आठवडाभर उशिरा. आमच्याकडे पाऊस सुरू झाला तेव्हा सगळे पेरायच्या घाईत. मुलांनी देवळाच्या ओट्यावर एक काळा फळा टांगला आणि रोजची बेरीज खडूने लिहायला सुरुवात केली. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा विचार झाला होता, पण फोन बापांचे, मुलींच्या हातात ते संध्याकाळी दहा मिनिटं येणार. फळा सगळ्यांचा. बेरीज 58 वर असताना अर्ध्या गावाने पेरलं. काका आणि आणखी दोन घरं थांबली. आणि मग पाच दिवसांत चांगला पाऊस झाला, लवकर पेरणाऱ्यांचं काहीच बिघडलं नाही, उलट त्यांचं पीक आठवडाभर पुढे.

मुलं खट्टू झाली. एकाने फळा उतरवू या म्हटलं. ताईने शेऱ्यात लिहिलं: '58 वर पेरलेलं चांगलं उगवलं. आम्ही थांबा सांगितलं होतं.' तेच फळ्यावरही लिहिलं. मी तेव्हा गावात नव्हते, अण्णांनी फोनवर सांगितलं. म्हणाले, "गावात चूक चारचौघांत लिहून ठेवणारं कुणी पाहिलं नव्हतं मी." त्या दिवसानंतर लोक फळ्यापाशी थांबून वाचायला लागले, आणि मला खात्री आहे की याचं कारण बरोबर आलेले आकडे नव्हते.

ऑगस्ट कोरडा गेला. देशभरच गेला, सरासरीपेक्षा 36 टक्के कमी, 1901 नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. वहीत पानभर शून्यं. फुलावर आलेलं सोयाबीन माना टाकत होतं आणि मुलं रोज साडेआठला कोरडी बाटली बघून शून्य लिहीत होती. मोजायला काही नाही तर जायचं कशाला, म्हणून काही जण गळाले. छोटू जात राहिला. त्याला विचारलं तर म्हणाला, "शून्य पण मोजावंच लागतं ना, मॅडम. नाही गेलो तर रकाना रिकामा राहील, आणि रिकामं आणि शून्य वेगळं." बत्तीस वर्षांत मी हे इतकं सोपं करून कुठल्याही वर्गाला सांगू शकले नव्हते.

मग सप्टेंबरच्या मध्यावर एकदम कोसळला. त्या रात्री बाटली भरून वाहील हे छोटूच्या लक्षात आलं. तो बापाला घेऊन रात्री अकराला मैदानात गेला, बॅटरीच्या उजेडात आकडा वाचला, हाताच्या तळव्यावर पेनाने लिहिला, बाटली रिकामी केली आणि सकाळी दोन्ही आकड्यांची बेरीज केली. तळव्यावरची शाई पावसाने पुसट झाली होती म्हणून त्याने बापालाही आकडा पाठ करायला लावला होता.

याच वेळी विहिरीही सुरू झाल्या. दोरीला वजन, दर हाताला गाठ, मे आणि नोव्हेंबरमध्ये मोजायचं, पावसाआधी आणि पावसानंतर. यात मी एक नियम घातला आणि तो कधीही सैल केला नाही: कठडा नसलेली विहीर मोजायची नाही, एकट्याने जायचं नाही, मालक सोबत असल्याशिवाय दोरी सोडायची नाही. या नियमाने आमच्या हातून निम्म्या विहिरी गेल्या. जाऊ देत. मालक सोबत हवा म्हटल्याने एक फायदा मात्र झाला, तो विहिरीच्या काठी उभा राहून मुलांना सांगायचा की त्याच्या बापाच्या वेळी पाणी कुठल्या दगडापर्यंत असायचं. ते दगडही वहीत आले.

ग्रामसभा

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एक चूक केली होती. मुलांचं काम सांगायला मी स्वतः उभी राहिले. सरपंचबाईंचे यजमान माझ्याशी अदबीने बोलले, मी त्यांच्याशी, आणि मुलं खाली मान घालून बसली. सभा संपल्यावर ताई म्हणाली, "आत्याआजी, तुम्ही आमच्याबद्दल बोललात. आम्ही तिथेच होतो."

26 जानेवारी 2024 ला मी बायकांमध्ये मागे बसले. कायद्याने ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतली माणसं, अठरा वर्षांखालच्यांना तिथे मत नाही. पंचायतीने वेगळी बालसभा घ्यावी अशी सूचना केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाची आहे, आमच्याकडे ती कधी झाली नव्हती. ताई वही घेऊन उभी राहिली तेव्हा यजमानांनी विचारलं, "यादीत नाव आहे का तुझं?" सभा हसली. अण्णा काठी टेकत उठले. म्हणाले, "माझं आहे. बोलायची पाळी माझी आहे ना? मग माझ्या पाळीत ही वाचेल." आणि बसले.

तिने चार मिनिटं वाचलं. विहिरी किती उतरल्या, नाल्यात गाळ कुठे साचला आहे, आणि शेवटी नरवाईबद्दलची एक मागणी. नाल्याच्या गाळाचं काम पंचायतीच्या आराखड्यात लिहून घेतलं गेलं. ते पुढे अर्धवट झालं, अजूनही अर्धवटच आहे. नरवाईचं काम मात्र वेगळ्याच वाटेने झालं.

भुसा

डिसेंबरमध्ये गटाच्या बैठकीत छोटूने एक गोष्ट सांगितली होती. "एप्रिलमध्ये हे लोक जे जाळतात, तेच आम्ही श्रावणात विकत घेतो." गव्हाचा भुसा. त्याच्या घरी म्हशींसाठी पावसाळ्यात भुसा चढ्या भावाने आणावा लागायचा. गावात जमीन नसलेली पण जनावरं असलेली अशी बरीच घरं होती. मी इतकी वर्षं त्या गावात जाते, दोन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या माहीत होत्या, पण मी त्या कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या.

मग ताई काकाकडे गेली आणि जो प्रश्न आधीच्या वर्षी विचारायला हवा होता तो तिने विचारला: का जाळता? काकाने सांगितलं. हार्वेस्टर गेल्यावर भुसा मशीन फिरवावं लागतं, ट्रॅक्टरमागे जोडलेलं, धसकट कापून चुरा करून ट्रॉलीत भरणारं. मशीनवाला शेजारच्या गावचा. तो एका छोट्या तुकड्यासाठी येत नाही, त्याला एका जागी दिवसभराचं काम हवं. आणि त्याच पंधरा दिवसांत सगळा मुलूख त्याला बोलावत असतो. त्याची वाट बघत बसलं तर मुगाची पेरणी हुकते. आळस नव्हता, बेफिकिरीही नव्हती. रांग होती.

मुलांनी दोन याद्या केल्या. एकीत कुणाचं शेत कुठे आणि हार्वेस्टर कधी येणार, दुसरीत कुणाला किती ट्रॉल्या भुसा हवा. मग शाळेच्या फरशीवर खडूने शिवार काढलं आणि एकमेकांना लागून असलेली अकरा शेतं निवडली, म्हणजे मशीनला ये-जा नको. मशीनचं भाडं जनावरवाल्यांनी द्यायचं, भुसा त्यांनी न्यायचा, शेतकऱ्याला शेत मोकळं करून मिळेल, ज्याला स्वतःला भुसा हवा त्याने अर्धा ठेवावा. मशीनवाल्याशी फोनवर ताई बोलली. तो दोनदा म्हणाला, घरातल्या मोठ्या माणसाला दे. ती दोनदा म्हणाली, यादी माझ्याकडे आहे, मोठ्या माणसांकडे नाही. तिसऱ्यांदा त्याने तारीख दिली.

एप्रिल 2024 मध्ये गावाची पूर्वेची बाजू जळली नाही. पश्चिमेला मूगवाल्यांची घाई होती, तिथे आगी लागल्या. त्यातलीच एक वाऱ्याने सरकत काकाच्या शेताच्या कोपऱ्यात आली आणि मशीन यायच्या आदल्या रात्री चौथाई तुकडा गेला. ताई धावत निघाली तेव्हा अण्णांनी तिला दारातच धरलं, आगीजवळ जायचं नाही हा आमचा नियम होता. ती रडली. वहीत त्या दिवशी पावसाच्या रकान्यात शून्य आहे आणि शेऱ्यात फक्त 'काकांचा कोपरा' एवढंच आहे.

त्या पावसाळ्यात छोटूच्या घरी भुसा विकत आणावा लागला नाही. मदत करणाऱ्या संस्थेकडून मला विचारणा आली की गटाचा 'सर्वोत्तम नेता' कोण, सत्कार करायचा आहे. मी लिहून कळवलं की साडेआठला बाटलीपाशी कोण होतं हे वहीत बघून ठरवा. वही बघायला कुणी आलं नाही. सत्कार झाला नाही, याचं मला वाईट वाटत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत एकाला उचलून मंचावर बसवलं की उरलेले प्रेक्षक होतात, आणि मंचावरचं मूल बाटली वाचायला जाणं सोडतं.

वही कुणाकडे

किशोरवयातल्या मुलांबरोबरच्या कामात एक अडचण ठरलेली आहे, ती मोठी होतात. दहावी-बारावीच्या परीक्षा मशीनच्या महिन्याच्या तोंडावर येतात, मुलींची लग्नं ठरतात, मुलं पीथमपूरच्या कारखान्यांत लागतात. चौदातली पाच मुलं तीन वर्षांत अशी गेली. म्हणून 2024 च्या दिवाळीनंतर ताईने एक पद्धत पाडली, वही दर महिन्याला वेगळ्याच्या घरी राहते आणि ज्याच्या घरी वही त्याने आपल्याहून लहान एकाला सोबत न्यायचं. हे तिने स्वतः ठरवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मार्चमध्ये माझी बारावी आहे, तेव्हा वही बंद पडायला नको."

2025 मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं की 1 मेपासून नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे मिळणार नाहीत आणि पुढल्या वर्षी हमीभावाने त्याचा गहू घेतला जाणार नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिमेकडचे मूगवाले देवळाच्या ओट्यावर आले आणि यादीत नाव घाला म्हणाले. यादी तोवर छोटूकडे होती. त्याने नावं घेतली, पण मशीन दोनच दिवस मिळणार होतं, सगळ्यांची सोय झाली नाही. दोघांनी तरीही जाळलं. एकाने धसकटावर रोटाव्हेटर फिरवून ते मातीत गाडलं आणि म्हणाला, पुढच्या वर्षी बघू काय होतं. मुलांनी त्याच्या शेताची वेगळी नोंद सुरू केली आहे.

जूनमध्ये ताई कॉलेजच्या प्रवेशासाठी इंदूरला आली आणि माझ्याकडे राहिली. एका रात्री राजेंद्रनगरात असा पाऊस झाला की गल्लीत घोट्याएवढं पाणी. सकाळी तिचं लक्ष घड्याळावर. साडेआठ वाजून पाच मिनिटांनी तिने छोटूच्या बापाच्या फोनवर फोन लावला.

"किती झाला? इथे धो धो पडला रात्रभर. काकांना सांग, आता पेरायला हरकत नाही."

पलीकडून तो म्हणाला, "ताई, बाटलीत अकरा आहे. एकूण चौसष्ट. फळ्यावर लिहिलंय."

"अकराच? नीट बघितलंस?"

"नरसाळ्यात पान अडकलं होतं, ते काढून बघितलं. सोबत सहावीतली दोघं होती, तिघांनी वेगवेगळं वाचलं. अकराच. काका सकाळीच येऊन गेले फळ्यापाशी. थांबतायत."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, तिने बारीक अक्षरात 64 लिहिलं.